आवाज काढून ठेवावा

१

बिलियर्डच्या किंवा पूलच्या टेबलावर चेंडू मारण्याची जी लांब काठी असते तिला क्यू म्हणतात, आणि तो क्यू खुळखुळू लागला की गावातले सगळे खेळाडू तो कानसेनांकडे आणत. कानसेन हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. परंतु खरे नाव इतके मागे पडले होते की एकदा पोस्टमनने ते मोठ्याने वाचले तेव्हा स्वतः कानसेनांनीच 'इथं कोणी नाही या नावाचं' असे सांगून पत्र परत पाठवले होते.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. क्यू दोन बोटांच्या चिमटीत उभा लोंबता धरायचा, डोळे मिटायचे, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने सात ठिकाणी टकटक करायचे: टोकाची चामड्याची टीप, तिच्याखालची पांढरी टोपी, निमुळती दांडी, मधला पेचाचा सांधा, मागची जाड मूठ, मुठीच्या पोटात वजनासाठी बसवलेला बोल्ट आणि तळाचे रबरी बूच. निरोगी लाकूड प्रत्येक ठिकाणी नेमके 'टक्' म्हणते. कुठे काही सुटलेले असेल तर त्या टक्-ला एक शेपूट फुटते. ते शेपूट धरून मुळापर्यंत जायचे, एवढेच काम. पण ते करण्यासाठी कान लागतो, आणि तसा कान पंचक्रोशीत एकच होता.

त्यांच्या पत्नी मुद्रितशोधक होत्या. पुस्तक छापण्यापूर्वी त्याचे कागद त्यांच्याकडे येत आणि त्या त्यातल्या चुका काढत. बाहेरच्या खोलीत हे आवाज काढत, आतल्या खोलीत त्या चुका काढत. दिवसभर दोघेही आपापल्या कामात मान खाली घालून बसलेले असत, आणि संसार सुखाचा होण्याला दोन माणसांना याहून अधिक काय लागते, हे त्यांना कधी कळले नव्हते.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास पत्नीचा धाकटा भाऊ आला. कोपऱ्यावरचा पूल क्लब त्याचा होता आणि कानसेनांकडे येणारे निम्मे क्यू तिथूनच येत. त्याच्या खांद्याला एक लांब, काळी पिशवी होती. तो बसला, पाणी प्यायला, त्याने भिंतीकडे पाहिले, छताकडे पाहिले. तेव्हाच कानसेनांनी ओळखले की याच्या पोटात काहीतरी खुळखुळते आहे.

"दाजी, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"रागावीन. बोल."

"मागच्या महिन्यातला तो काळा क्यू..."

"सांध्यातला गोंद सुकला नव्हता."

"तो खुळखुळत होता, दाजी."

"सुकला नव्हता म्हणूनच."

"चार खेळाडूंना ऐकू आला. तुम्हाला नाही आला." त्याने घसा खाकरला. "हे बघा, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण आता एक यंत्र निघालंय. क्यूला चिमटा लावला की पडद्यावर रेघ येते. रेघ हलली की दोष. ते लोक परवा क्लबात येऊन गेले."

"यंत्राला कान असतात का?"

"नाही, पण त्याला साठावं वर्षही लागत नाही ना!"

आतून आवाज आला, "मी कधीपासून सांगतेय, एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन या. पण आमचं ऐकायचं म्हणजे..."

"तुझं मला सगळं ऐकू येतं," कानसेन म्हणाले. "तीच अडचण आहे."

मेहुण्याने पिशवी टेबलावर ठेवली. "हा एक शेवटचा. काल एक गृहस्थ आले, ही पिशवी ठेवली, चिठ्ठी दिली आणि गेले. तोंडातून चकार शब्द नाही. मुके असावेत. हा शनिवारपर्यंत बिनआवाजाचा करून द्या. मी स्वतः तपासतो. जमलं तर यंत्रवाल्यांना मी जिन्यावरूनच परत पाठवतो. नाही जमलं तर मात्र, दाजी, तुम्ही मला माफ करायचं."

चिठ्ठीवर, ठसठशीत अक्षरात, दोनच वाक्ये होती. 'आवाज काढून ठेवावा. शनिवारी अकरा वाजता घेऊन जाईन.'

कानसेनांनी ती क्यूच्या पिशवीला टाचली. मेहुणा गेल्यावर त्यांनी दार लावले, मनगटावरचे घड्याळ आधी उजव्या कानाला लावले, मग डाव्या. दोन्हीकडे टिकटिक होती. डावीकडे किंचित दूर होती, इतकेच.

२

बुधवारी सकाळी त्यांनी क्यू पिशवीतून काढला. लाकूड जुने, गडद आणि चांगले होते. पहिल्या पाच ठिकाणी स्वच्छ टक् आला. सहाव्या ठिकाणी, मुठीच्या पोटापाशी, ती ऐकू आली: बारीक, कोरडी, घाईघाईची खुळखुळ. डब्याच्या तळाशी राहिलेले दोन दाणे एकमेकांना काही सांगत असावेत तशी.

कानसेनांना आनंदाने गहिवरून आले. त्यांना ती ऐकू आली होती! तीही पहिल्या फटक्यात!

रबरी बूच काढून त्यांनी आत लांब पाना घातला. बोल्टाचे पेच झिजले होते. तो जुना बोल्ट आणि त्याखालची वाकडी चकती त्यांनी एका रिकाम्या पत्र्याच्या डबीत टाकली, नवा बोल्ट बसवला, बूच लावले आणि डोळे मिटून मुठीवर टकटक केले.

खुळखुळ गेली होती.

त्यांच्या ओठांवर हसू आले, आणि तिथेच थबकले. खुळखुळ गेली हे ठीक. पण टक् कुठे गेला? त्यांनी दांडीवर मारले. सांध्यावर मारले. जोरात मारले. पेर दुखले, पण आवाज आला नाही. खिडकीबाहेर वाहने वाजत होती, पंखा कुरकुरत होता, आतल्या खोलीत पत्नी 'ऱ्हस्व, ऱ्हस्व, अरे बाबा ऱ्हस्व' असे कोणा अज्ञात लेखकाला विनवत होत्या. फक्त क्यू गप्प होता.

कानसेन शास्त्रशुद्ध विचार करणारे गृहस्थ होते. शक्यता दोनच: एक तर लाकडाला काही झाले होते किंवा कानाला. लाकडाला असे काही होत नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून दुसरी शक्यता त्यांनी तूर्त विचारात घेतली नाही. त्यांनी क्यू हातभर उंचीवरून फरशीवर सोडून दिला.

क्यू पडला. एकदा उसळला. गडगडत टेबलाच्या पायाशी जाऊन थांबला. हे सगळे त्यांनी पाहिले. ऐकले मात्र काहीच नाही.

"अगं, काही पडल्याचा आवाज आला का?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारले.

"नाही. काय पाडलंत?"

"काही नाही."

"मग आवाज कशाचा येईल?" आतून उत्तर आले, आणि त्यात तर्काची चूक काढता येत नव्हती.

त्याच वेळी, फळीवर ठेवलेली पत्र्याची डबी, तिला कोणी हात लावलेला नसताना, दोनदा खुळखुळली.

"कोण आहे?" कानसेनांनी विचारले. आपण डबीला प्रश्न विचारला हे ध्यानात येताच त्यांनी दारातून आत पाहिले. पत्नीने ऐकले नव्हते. त्यांनी झाकण उघडून बोल्ट आणि चकती बाहेर घेतली. रिकाम्या डबीचा तळ त्यांना दिसत होता. त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. झाकण लावले. डबी पुन्हा खुळखुळली, या वेळी जरा समाधानाने. त्यांनी ती हातपुसण्यात गुंडाळून खालच्या खणात ठेवली, खण लावला, आणि दिवसभर त्या खणाकडे पाठ करून बसणे त्यांना जमले नाही.

३

गुरुवारी सकाळी त्यांनी पत्नीला सगळे सांगितले. सांगताना 'असे मला वाटले', 'मोजमाप अचूक असेलच असे नाही', अशी सावध वाक्ये अधूनमधून पेरली. पत्नीने क्यू हातात घेतला, टेबलावर आपटला, आणि भुवया वर केल्या. मग त्यांनी पिशवीवरची चिठ्ठी काढून घेतली. छापील असो वा हस्तलिखित, कागद समोर आला की त्या आधी चष्मा पुसत.

"ही तुम्ही कशी वाचलीत?"

"कशी म्हणजे? आवाज घालवून ठेवा, क्यू घेऊन जाईन."

"क्यू कुठं आहे यात?"

कानसेनांनी पाहिले. क्यू हा शब्द चिठ्ठीत नव्हता.

"आवाज काढून टाकावा, असं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी," त्या पेन्सिलीच्या टोकाने एकेक शब्द दाखवत म्हणाल्या. "काढणं म्हणजे काय, याचा आपल्या भाषेत काही नेम नाही. दात काढतात, फोटो काढतात, दिवस काढतात, पळ काढतात. पण ठेवणं म्हणजे ठेवणं. आवाज काढून ठेवावा. बाजूला, नीट, जपून. आणि पुढच्या वाक्यात 'घेऊन जाईन'. काय घेऊन जाईन? मागं एकच नाम आहे."

"आवाज," कानसेन म्हणाले, आणि त्यांच्याच तोंडचा तो शब्द त्यांना जरा थंड लागला.

"तुम्ही काढलात. आता ठेवलात कुठं, ते सांगा."

"एका डबीत आहे. पत्र्याच्या. खालच्या खणात."

पत्नीने ओठ आवळले. "ती पिवळ्या झाकणाची?"

"का?"

"सकाळी टाचण्या ठेवायला घेतली मी ती. रिकामीच होती."

डबी प्रुफांच्या गठ्ठ्याशेजारी होती. कानसेनांनी ती उचलून हलवली. मग झाकण काढून दोघांच्या डोळ्यांदेखत पुन्हा हलवली. शंभरेक टाचण्या आत उड्या मारत होत्या, पत्र्यावर आदळत होत्या, आणि डबीतून साधा श्वासाएवढासुद्धा आवाज येत नव्हता.

"तो गेलाय इथून," कानसेन म्हणाले.

"आणि जाताना हिचाही घेऊन गेला," पत्नी म्हणाल्या. मग "टाचण्यांना आत ठेवायला नको," असे म्हणून त्यांनी त्या एकेक करून बाहेर काढल्या.

४

शोधमोहीम शिस्तीने झाली. पत्नीने वहीत घरातल्या वस्तूंची यादी केली. कानसेन प्रत्येक वस्तूवर पेराने टकटक करत आणि निष्कर्ष सांगत.

"कपाट?"

"बोलतं."

"टेबल?"

"बोलतं."

"माझी आरामखुर्ची?"

"ती तर फार बोलते."

"कुणावर गेली असेल," पत्नी म्हणाल्या आणि खूण केली.

दुपारपर्यंत चार मुक्या वस्तू सापडल्या. डबी ज्यात होती तो खण. उघडला, लावला, आपटला, तरी गप्प. आतल्या खोलीच्या दाराची कडी. बाहेरच्या खोलीतले, लाकूड कातण्याच्या लेथजवळचे फिरते स्टूल, जे वीस वर्षे करकरत होते आणि ज्याला तेल घालण्याबद्दल वीस वर्षे बोलणी खावी लागत होती. आणि शेवटी, कानसेनांच्या उशाशी असणारी चष्म्याची पेटी. ती टपकन मिटायची. आता मिटली तरी मिटली असे वाटत नव्हते.

पत्नीने वहीत त्या चार जागा एका रेघेने जोडल्या. रेघ खणापासून निघाली, स्टुलाशी जरा घुटमळली, दारातून आत गेली, आणि पलंगाच्या उजव्या बाजूला येऊन थांबली. पलंगाची उजवी बाजू कोणाची, हे तिथे कोणाला सांगावे लागणार नव्हते.

"योगायोगही असू शकतो," कानसेन म्हणाले. "चार नोंदींवरून अनुमान काढणं घाईचं होईल." आणि आपले म्हणणे ठासून सांगण्यासाठी त्यांनी नकारार्थी मान हलवली.

खुळखुळ झाली.

कानसेनांनी खात्रीसाठी पुन्हा मान हलवली. बारीक, कोरडी, घाईघाईची. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे.

"तुलाही ऐकू येतंय?" त्यांनी विचारले. उत्तर 'नाही' असावे की 'हो', हे त्यांचे त्यांनाच ठरवता येत नव्हते.

"अहो, तिकडच्या घरात ऐकू जाईल इतकं येतंय. मान हलवू नका!"

५

शुक्रवार त्यांनी मान ताठ ठेवून काढला. पत्नीने त्यांच्या डोक्याला पंचा गुंडाळला, त्यामुळे आवाज कमी झाला नाही, परंतु पाहणाऱ्याला कारण मिळाले. जेवताना घास चावला की कानसेन खुळखुळत. शिंक आली तेव्हा तर पत्नीने दोन्ही हातांनी त्यांचे डोके धरले. जणू गॅसवरचे भांडे उतू जात होते.

दुपारी मेहुण्याचा फोन आला. "दाजी, झाला का क्यू?"

"झाला."

"हा मागं कसला आवाज येतोय?"

"फोन खराब आहे तुझा," कानसेन म्हणाले आणि ठेवला.

मग ते खिडकीशी जाऊन बसले. पत्नी शेजारी येऊन बसल्या.

"चला, डॉक्टरांकडे जाऊन येऊ. काढून देतील ते."

"तेच नको." कानसेन मान न हलवता, नजर समोर ठेवून बोलत होते. "तू पाहिलंस ना? तो ज्यातून जातो ते मुकं होतं. क्यू गेला, डबी गेली, स्टूल गेलं. आता तो माझ्या कानात बसलाय. उद्या त्याचा मालक येईल आणि म्हणेल, द्या. मी दिला, तर माझा कान डबीसारखा होईल. मग यंत्राची तरी काय गरज? भिंतसुद्धा माझ्यापेक्षा बरी."

"आणि नाही दिला तर?"

"लोकांची वस्तू आहे. ठेवून कशी घ्यायची?"

पत्नीने त्यांचा पंचा सरळ केला. मग त्या म्हणाल्या, "मला त्यांची लिहिण्याची पद्धतच आवडली नव्हती. एवढं मोघम कोणी लिहितं का!" आणि त्यांचा आवाज जरा चिरकला, हे कानसेनांच्या डाव्या कानालाही कळले.

६

शनिवारी साडेदहालाच मेहुणा हजर झाला. त्याने क्यू चिमटीत धरला, डोळे मिटले आणि कानसेनांची नक्कल करत सात ठिकाणी टकटक केले. मग डोळे उघडून क्यूकडे पाहिले. मग पुन्हा केले. त्याचा चेहरा उजळत गेला.

"दाजी! अहो, काय केलंत हे? खुळखुळ सोडा, हा तर श्वाससुद्धा घेत नाही! यंत्रवाले पाहतील तर आपली यंत्रं विहिरीत टाकतील. सगळे क्यू तुमचे. आजपासून. कान आहे की काय आहे तुम्हाला!" तो थांबला. "डोक्याला काय झालं?"

"सर्दी," पत्नी म्हणाल्या.

कानसेनांनी हे सगळे ऐकले. महिनाभर जे ऐकण्यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता, नेमके तेच शब्द होते. पण ते त्यांना निरोप समारंभातल्या भाषणासारखे वाटले.

लेथच्या खाली, थेट दारापर्यंत, लाकडाचा भुसा आणि कुरकुरीत सालपटे पसरलेली असत. दारातून कोणी आत आले की आधी ती वाजत. त्यामुळे बेलची कधी गरज पडली नव्हती. त्या दिवशी ती वाजली नाहीत. कानसेनांनी मान न वळवता फक्त डोळे वळवले, तर गृहस्थ आत येऊन उभे होते. त्यांच्या बुटाखाली एक सालपट मोडत होते. मोडले. दोन तुकडे झाले.

मध्यम उंची, स्वच्छ कपडे, नीट विंचरलेले केस. अशी माणसे बँकेच्या रांगेत आपल्या पुढे असतात आणि नंतर आठवत नाहीत. चेहऱ्यावर मात्र एक प्रकारची दमलेली अदब होती, जी फार दिवस दुसऱ्याच्या दाराबाहेर उभे राहिल्याने येत असावी.

"या, या! बसा!" मेहुणा ओरडला. मुक्या माणसांशी तो बहिऱ्यांशी बोलावे तसे बोलत असे. "क्यू! तयार! फर्स्ट क्लास!"

गृहस्थांनी क्यूकडे पाहिलेसुद्धा नाही. ते कानसेनांसमोर आले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

कानसेनांच्या मनात आले की 'पुढच्या आठवड्यात या' म्हणावे. सगळे कारागीर म्हणतात. जीभ उचललीही. पण तो पसरलेला तळहात त्यांनी जवळून पाहिला. त्या हाताने टाळी वाजत नसेल, दार वाजत नसेल, कोणाला बोलावता येत नसेल. चाळीस वर्षे कोणाची वस्तू त्यांनी दाबून ठेवली नव्हती.

"साहेब," ते हळू म्हणाले, "तुमचं आहे, ते न्या. पण माझं पोट कानावर आहे. तेवढा कान ठेवा. दुसरं काही मागत नाही."

गृहस्थांनी मान कलती केली. कानसेनांच्या उजव्या कानाकडे, मग डाव्या कानाकडे पाहिले. खरेदी करताना पाहावे तसे नव्हे, उलट काही मोडू नये म्हणून पाहावे तसे. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली, उजव्या हाताचे मधले बोट दुमडले, आणि पेराने कानसेनांच्या कपाळावर एकदा टकटक केले.

कानसेनांना वाटले, आपल्या आत कुठेतरी एक पेच शेवटचा आटा सुटून मोकळा झाला.

गृहस्थांचे खांदे थरथरले. खुळखुळ! त्यांनी डोळे विस्फारले. एक पाय आपटला. खुळखुळ! मग दोन्ही. लहान मुलाला नवे बूट मिळावेत तसे ते जागच्या जागी उड्या मारू लागले आणि हसण्यासाठी त्यांनी तोंड उघडले. ते क्षणभरच उघडे होते आणि कानसेनांच्या बाजूला वळलेले होते, म्हणून ते फक्त त्यांनाच दिसले. आत जीभ, दात, टाळू असे काही नव्हते. एक गोल, गुळगुळीत पोकळी होती, आणि तिच्या कडेने खोल जाणारे पेच होते. सुबक, एकसारखे, उजवीकडे वळणारे. असे पेच कापायला चांगला लेथ लागतो, हा विचार कानसेनांच्या मनात आधी आला आणि भीती नंतर.

गृहस्थांनी वाकून नमस्कार केला, खुळखुळले, आणि जिन्याकडे निघाले.

"अहो, साहेब! क्यू राहिला! क्यू!" मेहुण्याने क्यू उचलला आणि तो त्यांच्या मागे जिना उतरत धावला.

७

दार उघडेच राहिले. पत्नीने ते लोटले नाही; त्या खुर्चीत मटकन बसल्या, खुर्ची नेहमीसारखी भरभरून बोलली, आणि कानसेनांना ते ऐकू आले.

त्यांना सगळेच ऐकू येत होते. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. दोन्ही कानांत सारखी, डावीकडेही तेवढीच जवळ. दोन मजले खाली मेहुण्याची धापा टाकणारी हाक. रस्ता ओलांडून जाणारी, पावलागणिक आनंदी होत जाणारी ती खुळखुळ. खिडकीच्या कट्ट्यावर बसलेल्या कबुतराच्या नखांचा दगडावर होणारा आवाजही त्यांना निराळा काढता आला. गृहस्थांनी शब्द पाळला होता. किती वर्षांत कान असा चालला नव्हता!

पत्नी आत गेल्या. दोघांनीही एवढे काही पाहिल्यानंतर नेहमीचे काम हातात घेणे हाच एक उपाय असतो, म्हणून त्यांनी प्रुफांचा गठ्ठा ओढला आणि दाराकडे पाठ करून पेन्सिलीला टोक करू लागल्या. लाकडाची बारीक साल सुटत होती, तीही कानसेनांना ऐकू आली. ते उठून दारात जाऊन उभे राहिले.

"अहो," पत्नीने मान वर न करता विचारले, "येतंय ना ऐकू?"

"येतंय," कानसेन म्हणाले.

पेन्सिल दोनदा फिरली.

"अहो, मी विचारतेय, ऐकू येतंय का?"

"येतंय! पूर्वीपेक्षा स्वच्छ येतंय. दोन्हीकडून!"

पेन्सिल थांबली. कानसेनांनी दाराच्या चौकटीवर पेराने टकटक केले, मग मुठीने, मग हात दुखेपर्यंत. "अगं, इथंच आहे मी!" ते ओरडले, छाती फुटेल एवढ्या जोराने ओरडले. खिडकीतल्या कबुतराने मान वळवली नाही.

पत्नीच्या हातातून पेन्सिल खाली पडली. ती गडगडत पलंगाखाली गेली तोवरचा तिचा सगळा आवाज कानसेनांनी ऐकला. त्या मागे वळल्या नाहीत. वळण्याआधी त्यांनी डोळे पुसले, आणि कापऱ्या आवाजात, एकेक अक्षर सुटे करून, पुन्हा विचारले,

"काहीच ऐकू येत नाही का हो तुम्हाला?"